खूण पटली, गाठ सुटली का?

‘गाठ’ हा शब्द मराठीने मोठ्या मायेने सांभाळला आहे. लग्नाची गाठ असते, पदराच्या टोकाला मारलेली पैशाची गाठ असते, वाटेत अवचित पडलेली गाठ असते आणि एखादी गोष्ट विसरू नये म्हणून मनाशी बांधलेली खूणगाठ असते. या सगळ्या गोतावळ्यात एकच गाठ अशी, की ती हाताला लागली म्हणजे माणूस गप्प होतो. ती अंगावरची गाठ. दुखत असेल तर तो निदान घरात बोलतो. दुखत नसेल तर पंचा जरा वर ओढून घेतो आणि कामाला लागतो.

आज लिहायचे आहे ते अशाच एका न दुखणाऱ्या गाठीविषयी आणि तिच्या खुणांविषयी. कानाच्या पाळीखाली, जबड्याखाली, क्वचित टाळूवर येणारी ही गाठ लाळग्रंथीची असते. ती साधी की कर्करोगाची, हे ठरवताना अलीकडे तिच्या पेशींतल्या प्रथिनांच्या खुणा तपासतात. प्रयोगशाळेच्या भाषेत त्यांना ‘मार्कर’ म्हणतात. या मार्करांनी वैद्यकाला मोठे बळ दिले, हे निर्विवाद. पण शहरात त्यांच्यावर नको तितका भरवसा टाकला जातो आणि पोशीरसारख्या गावातून आलेल्या रोग्याच्या वाट्याला अनेकदा त्यांच्या आधीची साधी तपासणीही येत नाही. हे दोन दोष वरवर वेगळे दिसतात. माझ्या मते ते एकच आहेत. दोन्हीकडे आपण क्रम विसरलो आहोत.

न दुखण्याचे दुखणे

पोशीर हे कर्जत तालुक्यातले, नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. नेरळला लोकलमध्ये बसले की दोन तासांच्या आत दादर येते आणि तिथून परळचे टाटा रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. नकाशावर अंतर एवढेच. पण गाठ दुखत नसेल तर ते दोन तास दहा वर्षांचे होतात.

याला कारणे आहेत. कानाखाली सूज आली की आपण गालगुंड म्हणतो. कुणी लेप सुचवते, कुणी शेक, कुणी मंतरलेला दोरा. गालगुंड तापाबरोबर येते आणि आठ-दहा दिवसांत उतरते. ही गाठ येते बिनबोभाट आणि राहते वर्षानुवर्षे. दुसरे कारण जरा चमत्कारिक आहे. तंबाखूविरुद्धचा प्रचार इतका खोल रुजला, की तंबाखू आणि मशेरीला न शिवणारा माणूस स्वतःला कर्करोगापासून मुक्त समजतो. तोंडाच्या कर्करोगाबाबत तंबाखूवरचा आरोप शंभर टक्के खरा आहे. लाळग्रंथींच्या बहुतेक गाठी मात्र त्या हिशेबात बसत नाहीत. यातली वॉर्थिनची गाठ नावाची एक साधी गाठ धूम्रपान करणाऱ्यांत अधिक आढळते. किरणोत्सर्गाचा संबंध हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या पाहणीत स्पष्ट दिसला. बाकी पुष्कळ गाठींचे कारण सापडतच नाही.

लाळग्रंथींच्या सुमारे ८० टक्के गाठी कानापुढच्या मोठ्या ग्रंथीत, म्हणजे पॅरॉटिडमध्ये, येतात आणि त्यांतल्या सुमारे ८० टक्के साध्या असतात. ही दिलासा देणारी गोष्ट आहे. जबड्याखालच्या ग्रंथीत आली तर साधी आणि वाईट यांचे प्रमाण बरेचसे बरोबरीला येते. जिभेखालच्या ग्रंथीत आली तर ती बहुधा वाईटच निघते. ग्रंथी जितकी लहान, तितका संशय मोठा, असा ढोबळ नियम सर्जन मंडळी सांगतात.

सर्वांत जास्त आढळणाऱ्या साध्या गाठीचे नाव ‘प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा’. मराठीत तिला ‘बहुरूपी गाठ’ म्हणता येईल. आमच्या लहानपणी गावात बहुरूपी यायचा. आज फौजदार, उद्या साधू. आत माणूस एकच. या गाठीत सूक्ष्मदर्शकाखाली कुठे नळ्या दिसतात, कुठे चिकट द्रव, कुठे चक्क कानाच्या कुर्चेसारखा भाग. सोंगे अनेक असली तरी ती कर्करोग नव्हे. पण तिला बेफिकिरीने वागवले तर दोन प्रकारे सूड उगवते. एक, वर्षानुवर्षे तशीच ठेवली तर काही रोग्यांत तिच्यातूनच कर्करोग निपजतो. पहिल्या पाच वर्षांत हा धोका दीड टक्क्याच्या आसपास असतो. पंधरा वर्षांनंतर तो नऊ-दहा टक्क्यांपर्यंत चढतो, असे मानले जाते. दोन, तिचे आवरण पातळ असते आणि त्यातून बोटांसारखे कोंब बाहेर आलेले असतात. शेंगेतून दाणा काढावा तशी ती उकरून काढली, की मागे राहिलेले कण पुन्हा रुजतात. या खेपेला एकाच्या जागी अनेक. आणि हे सारे ज्या जागी घडते, तिथूनच चेहरा हलवणारा मज्जातंतू आपल्या फांद्या पसरत जातो. डोळा मिटणे, ओठ हलणे, हसणे हे सगळे त्याच्या भरवशावर.

तीन टक्के

बँकेतून निवृत्त झालेला माणूस म्हणजे आसपासच्या चार घरांचा अर्जनवीस. सातबाऱ्यापासून विम्याच्या कागदापर्यंत सगळे त्याच्यापुढे येते. असाच पोशीरच्या एका भातशेतकऱ्याचा मुलगा प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन माझ्याकडे आला. वडिलांना कानाच्या पाळीखाली अकरा वर्षे गाठ होती. सुपारीएवढी होती, ती आवळ्याएवढी झाली. मग रेल्वेमार्गावरच्या एका लहान रुग्णालयात ती काढली. काढलेली गाठ बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवली. पुढे ती बाटली कुठे गेली, हे कुणी विचारले नाही आणि कुणी सांगितले नाही. ‘साधी चरबीची असेल’ या वाक्यावर प्रकरण मिटले.

चार वर्षांनी जखमेच्या जुन्या रेषेजवळ द्राक्षाच्या मण्यांसारख्या पाच-सहा गाठी आल्या. मोठ्या रुग्णालयात पहिला प्रश्न विचारला गेला, “पहिल्या ऑपरेशनच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा कुठे आहे?” तो नव्हताच. पहिली गाठ काय होती, तिच्या कडा मोकळ्या होत्या की नाही, या कशाचेच उत्तर मिळण्यासारखे नव्हते. दुसरी शस्त्रक्रिया झाली. वण आणि गाठी यांच्या गुंत्यातून मज्जातंतू सोडवताना एक फांदी वाचली नाही. त्या गृहस्थांचा एक डोळा आता पुरता मिटत नाही. शेतात धूळ उडाली की ते त्यावर हात धरतात.

मुलाने अहवालातल्या एका ओळीवर बोट ठेवले. “काका, इथे तीन टक्के लिहिलंय. म्हणजे बाबांना तीन टक्के कॅन्सर आहे का?”

अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता: बहुरूपी गाठ पुन्हा उद्भवलेली, कर्करोग नाही. तीन टक्के हा आकडा ‘केआय-६७’ नावाच्या प्रथिनाचा होता. त्याचा अर्थ इतकाच, की मोजलेल्या शंभर पेशींपैकी सुमारे तीन पेशी विभाजनाच्या फेऱ्यात होत्या. बाकीच्या स्वस्थ होत्या. तो आकडा दिलासा देणारा होता आणि त्याच आकड्याने त्या घरातली आठ दिवसांची झोप उडवली होती. ज्या घराला चार वर्षांपूर्वी एका ओळीचाही अहवाल मिळाला नाही, त्याला आता पानभर आकडे मिळाले. समजावून सांगणारा माणूस दोन्ही वेळा मिळाला नाही.

नमुन्याची सही

हे मार्कर प्रकरण काय आहे, ते मी त्या मुलाला बँकेच्या भाषेत सांगितले. खाते उघडताना आम्ही ग्राहकाची नमुना सही घेऊन ठेवत असू. चेक आला की कारकून त्यावरची सही नमुन्याशी ताडून पाही. प्रतिपिंड हा असाच कारकून आहे. तो एकच सही ओळखतो, म्हणजे एकाच प्रथिनाला जाऊन चिकटतो. गाठीचा केसाहून पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यावर हे प्रतिपिंड सोडतात. त्याच्या साखळीत रंग उमटवणारे विकर जोडलेले असते. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. नसेल तिथे काप कोरा राहतो.

या विद्येचा उगम १९४१ सालचा. अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी त्या वर्षी प्रतिपिंडाला चमकणारे द्रव्य जोडून दाखवले. योगायोग असा, की त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. १९७५मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची युक्ती शोधली. १९८४मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. केआय-६७ हे नाव १९८३मधले; त्यातले ‘केआय’ म्हणजे जर्मनीतले कील शहर. इतक्या दूरच्या शहराच्या नावाने पोशीरच्या घरातली झोप उडावी, हा काळाचा महिमा.

लाळग्रंथींच्या गाठींत या विद्येचे काम अधिक नाजूक आहे, कारण या गाठींचे तीसहून अधिक प्रकार आहेत. निरोगी ग्रंथीत पेशींचे दोन थर असतात. आतला थर नळीचे अस्तर, बाहेरचा थर लाळ पिळून काढणारा. ‘पी-६३’ हा मार्कर प्रामुख्याने बाहेरचा थर दाखवतो, ‘एस-१००’ त्याला दुजोरा देतो, आतल्या थराच्या खुणा वेगळ्या. गाठीत दोन्ही थर आहेत की एकच, आणि त्यांची मांडणी कशी आहे, हे त्यावरून कळते. बहुरूपी गाठीत ‘प्लॅग-१’ या प्रथिनाची खूण सापडू शकते. दोन प्रकारांच्या सीमेवर अडलेले निदान अशा खुणांनी सुटते, हे मी कमी लेखत नाही.

सही खरी, खाते बुडीत

पण सही जुळली म्हणजे खात्यात पैसे आहेत, असे कोणताही शहाणा बँक अधिकारी म्हणणार नाही. सही जुळली याचा अर्थ सही जुळली. पुढचे खातेवही सांगते.

‘सीडी-११७’ या प्रथिनाची गोष्ट पाहा. ‘अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा’ हा लाळग्रंथीचा एक संथ पण चिवट कर्करोग. त्याच्या पेशींत हे प्रथिन भरपूर आढळले आणि वैद्यक जगतात दोन आशा पालवल्या. एक, या खुणेने हा कर्करोग नेमका ओळखता येईल. दुसरी, याच प्रथिनाला रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधाने तो आटोक्यात येईल, कारण रक्ताच्या एका कर्करोगात आणि जठर-आतड्याच्या एका गाठीत त्या औषधाने किमया केली होती. दोन्ही आशा कोमेजल्या. ते प्रथिन इतर लाळग्रंथी-गाठींतही, अगदी बहुरूपी गाठीतही, सापडू लागले आणि रोग्यांवरच्या चाचण्यांत औषधाने निराशा केली.

केआय-६७चेही तसेच. साध्या गाठींत त्याचे प्रमाण सामान्यतः कमी, वाईट गाठींत जास्त, हे खरे. परंतु मधल्या पट्ट्यात दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात. शिवाय हाच अॅडिनॉइड सिस्टिक कर्करोग कमी आकडा दाखवत असतानाही मज्जातंतूच्या कडेकडेने सरकत जातो आणि दहा-पंधरा वर्षांनी फुप्फुसात उगवतो. कमी आकडा पाहून निश्चिंत झालेला रोगी फसतो. तीन टक्के वाचून हादरलेला मुलगाही फसतो. एकूण एका आकड्याने दोघांना फसवले.

हे टळते कसे? गाठीची मांडणी आधी पाहिली म्हणजे. जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवलेली साधी काचपट्टी, अनुभवी डोळा आणि हातात रोग्याची हकिगत: गाठ किती वर्षांची, अचानक वाढली का, दुखते का, चेहरा वाकडा झाला का. गाठ शेजारच्या भागात घुसते आहे की आवरणात आहे, हे पाहणे हा निकालाचा कणा आहे. बऱ्याच गाठींचा निकाल इथेच लागतो. जिथे लागत नाही, तिथे ठरावीक प्रश्न मनात धरून ठरावीक दोन-चार मार्कर मागवायचे. मार्कर हे साक्षीदार आहेत. प्रश्न विचारल्याशिवाय डझनभर साक्षीदार उभे केले तर बिल वाढते, निकाल लागत नाही.

याचा अर्थ साक्षीदार नकोत, असा नाही. लाळनलिकेच्या एका आक्रमक कर्करोगात ‘हर-२’ हे प्रथिन सापडले तर स्तनाच्या कर्करोगातले औषध उपयोगी पडू शकते. २०१०मध्ये वेगळा म्हणून ओळखला गेलेला ‘सिक्रेटरी कार्सिनोमा’ त्याच्या खुणांवरून हेरता येतो आणि तो पसरलेला असला तर त्याच्या मुळाशी असलेल्या जनुकीय जोडणीवर नेमके औषध आता आहे. इथे एक तपकिरी डाग माणसाचे आयुष्य लांबवतो. मग ज्या रोग्याची गाठच बाटलीसकट नाहीशी झाली, त्याच्याकडून आपण काय हिरावून घेतले, याचा हिशेब करा.

बाटलीवरची चिठ्ठी

डॉ. खानोलकरांचे नाव मी उगीच घेतले नाही. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. तेव्हा मार्कर नव्हते. होते ते सूक्ष्मदर्शक आणि नोंदी. एक हजार रोग्यांची नोंद कुणीतरी निगुतीने जपल्याशिवाय असा आढावा होत नाही. पुढे १९६३मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली. न तपासता फेकलेली गाठ रोग्याच्या हिशेबातून जाते, तशी अशा नोंदवहीतूनही जाते. आपल्या भागात हा रोग किती, हे मग कुणालाच कळत नाही आणि जे मोजले जात नाही त्यासाठी सरकारदरबारी पैसाही मागता येत नाही.

यावर ‘लहान रुग्णालयाला हे परवडत नाही’ असे उत्तर मिळते. त्यातला खरा भाग मी मान्य करतो. कर्जत-खालापूरच्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहाला स्वतःचा पॅथॉलॉजिस्ट ठेवता येणार नाही, आणि मार्करची तपासणी तर मोठ्या केंद्रातच व्हावी. तीच योग्य जागा. पण लहान रुग्णालयाकडून अपेक्षा आहे ती वेगळी. गाठ काढल्याबरोबर, तिच्या सुमारे दहापट फॉर्मालिनमध्ये ती ठेवायची. सलाइनमध्ये ठेवली तर पेशी विरघळू लागतात आणि फॉर्मालिनमध्ये आठवडेच्या आठवडे विसरली तर प्रथिनांच्या सह्या पुसट होतात. बाटलीवर नाव, तारीख आणि डावी-उजवी बाजू लिहायची. हे काम कुशल हाताचे नाही, जबाबदार हाताचे आहे. एवढे केले तर नेरळच्या लोकलने ती बाटली मुंबईला पोचू शकते. मेणाचा ठोकळा एकदा तयार झाला की तो वर्षानुवर्षे टिकतो. आज परवडला नाही तो मार्कर पुढच्या वर्षी, गरज पडली तर, त्याच ठोकळ्यावर करता येतो. फेकलेल्या गाठीवर मात्र जगातला कोणताही मार्कर चालत नाही.

म्हणून काही मागण्या. राज्यातली खासगी रुग्णालये १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदली जातात आणि २०२१मध्ये सुधारलेल्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणली. त्या सनदेत आणखी एक ओळ यावी: ‘आपल्या शरीरातून काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला पाठवली जाईल आणि तिचा अहवाल आपल्याला मिळेल.’ शासनाच्या आरोग्य योजनेतून गाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे देताना हा अहवाल जोडल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये. बँकेत तारणाचा कागद नसेल तर आम्ही कर्जाचा हप्ता सोडत नसू. इथे तर माणूसच तारण आहे. २०१२पासून देशातली कर्करोग रुग्णालये नॅशनल कॅन्सर ग्रिड या जाळ्यात एकत्र आली आहेत. तालुक्यातून येणाऱ्या बाटल्यांची वाट या जाळ्याला जोडून द्यावी. आणि मार्करच्या अहवालाखाली पॅथॉलॉजिस्टने रोग्याच्या भाषेत दोन ओळी लिहाव्यात. ‘केआय-६७ तीन टक्के’ याखाली ‘ही गाठ वाढण्याचा वेग कमी आहे, कर्करोग नाही’ एवढे लिहायला किती शाई लागते?

रोग्याच्या बाजूनेही काही करण्यासारखे आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत आपली कागदपत्रे मिळण्याची तरतूद झाली. आपण मागतच नाही. ‘डॉक्टरांना कसे विचारायचे?’ हा संकोच आपल्या हाडीमाशी भिनलेला आहे. घरातल्या माणसाची गाठ काढली की नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत: गाठ तपासणीला कुठे पाठवली? अहवाल कधी मिळेल? यात उद्धटपणा काही नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, आणि जो रागावतो त्याला ते विचारणे अधिकच जरुरीचे आहे. कानाखालची गाठ तीन आठवड्यांत उतरली नाही तर लेप धुऊन टाकावा आणि दवाखाना गाठावा. ती पाचातली चार वेळा साधी निघेल. तरीही ती साधी आहे, हे सूक्ष्मदर्शकाला सांगू द्यावे.

प्रथिनांच्या खुणा दिवसेंदिवस वाढत जाणार आहेत. नवी नावे येतील, नवे आकडे येतील, त्यांची पाकिटे विकणारेही येतील. त्यांचे स्वागत करू. पण साक्षीदाराला बोलवायचे तर आधी पुरावा जपलेला असावा लागतो आणि साक्ष झाली की ती तोलणारा माणूस असावा लागतो. यातला पुरावा फॉर्मालिनच्या एका बाटलीत आणि तिच्यावरच्या तीन शब्दांच्या चिठ्ठीत मावतो. ही चिठ्ठी कर्जतच्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात, प्रत्येक वेळी लिहिली जावी, एवढी खूणगाठ आपण सगळ्यांनी बांधायला हवी.